बॅटरी बदलता येईल, पण जोडांचं काय?
टॉर्चचे सेल बदलावेत तशी इलेक्ट्रिक कारची संपलेली बॅटरी काढून चार्ज केलेली बसवायची, ही कल्पना मला मनापासून आवडते. पण हे धूड बहुधा ३०० किलोच्या पुढचं, गाडीच्या तळाला बोल्टांनी आवळलेलं. चीनमध्ये निओ या कार कंपनीची यंत्रं ते गाडीखालून ३ ते ५ मिनिटांत बदलतात, म्हणजे अशक्य नाही. (इस्रायलमधली अशीच बॅटरी बदलून देणारी बेटर प्लेस ही कंपनी २०१३ मध्ये बुडाली, ती गिऱ्हाइकं कमी आणि खर्च अफाट म्हणून.)

मला काळजी बॅटरी आणि गाडी यांच्यातल्या विजेच्या जोडांची वाटते. साधारण ४०० व्होल्टचा कनेक्टर दर वेळी उघडणार, पुन्हा बसणार. रबरी सील जरा झिजलं आणि ओल आत गेली, की शॉर्टसर्किटची भीती. शिवाय आधीच्या गाडीत त्या बॅटरीला खालून दगड लागला होता का, हे आपल्याला कोण सांगणार? प्रत्येक अदलाबदलीला इन्सुलेशनची तपासणी सक्तीचीच हवी.