अनुभव धागा: यानाची दोरी दिसली तरी चालतंय (स्वस्तातले विज्ञानपट आणि आपण)

पेठेतला पडदा:
परवा भाच्याकडं राजारामपुरीत गेलो होतो. भिंतीएवढा टीव्ही. त्यावर कुठला तरी महागडा इंग्रजी सिनेमा लागलेला, अख्खं शहर मुळासकट उपटून आभाळात चाललेलं, आणि भाचा खाली मान घालून मोबाईलमध्ये. म्हटलं, "अरं बघ की, शहर चाललं!" तर म्हणतो, "मामा, सगळं कॉम्प्युटरवर करत्यात ते." आणि परत मान खाली.

गाडीवरनं घरी येताना डोक्यात आमच्या पेठेतला गणपतीतला पडदा आला. तेव्हा मंडळं रस्त्यात सिनेमा दाखवायची. दोन बांबू, मध्ये पांढरं कापड, आणि लोक दोन्ही अंगाला. पुढच्या अंगाला चार वाजल्यापासून पोती टाकून जागा धरलेली मंडळी. आम्ही पोरं जेवून येणार, म्हणजे कायम मागं. मागनं सगळं उलटं दिसायचं. नावं उलटी, भांग उलटा. दारासिंगचा 'चाँद पर चढाई' मी असा मागनं बघितलाय. सिनेमा १९६७ चा, म्हणजे माणूस चंद्रावर उतरायच्या दोन वर्षं आधी आपला पैलवान तिथं जाऊन कुस्ती करून आला. आमच्यापर्यंत प्रिंट आली तेव्हा तिच्यावर वरनं खाली ओरखड्यांचा पाऊस पडत होता. आणि मागनं बघितल्यामुळं दारासिंग माझ्या लेखी डावखुरा तो आजतागायत.

त्या रात्री आमच्या शेजारी शाळेतले शास्त्राचे सर आणि तालमीतले वस्ताद मांडीला मांडी लावून बसलेले. सर म्हणाले, "चंद्रावर वजन सहावा हिस्सा भरतं. साठ किलोचा गडी दहा किलो." वस्ताद बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मग उचलायला सोपा, पण चीत करायला अवघड. पडायलाच लई वेळ लावंल."

मी काय जाणकार नव्हे, रात्री जेवण झाल्यावर बघणारा माणूस. पण माझं म्हणणं एवढंच की दोरी दिसली म्हणून सिनेमा पडत नाही. १९७४ चा 'डार्क स्टार' बघा. त्यात परग्रहावरचा प्राणी म्हणजे समुद्रावर खेळायचा हवेचा चेंडू, रंग मारलेला, खाली दोन पंजे लावलेले. सुरुवातीला मी हसून लोळलो. तोच चेंडू पुढं यानातल्या माणसाला लिफ्टच्या भोकात लटकत ठेवतो तेव्हा हातातला शेंगदाणा हातातच. चेंडू आहे हे विसरलो नव्हतो, तरी.

तुमचं लिहा. भंगार, भारी, अर्धवट बघितलेलं, स्वतः केलेलं, काहीही.

खुळा प्रेक्षक:
पैला 😄 वस्तादांना नोबेल द्या

वैनी राजारामपुरी:
छान धागा. कुकर लावून येते.

लेथवाला:
जेवणाची सुट्टी आहे तेवढ्यात लिहितो. उद्यमनगरात आमच्या मंडळानं एका वर्षी तांत्रिक देखाव्याला यंत्रमानव केलता. पत्रा शेडमधला स्क्रॅप, हाताला ट्रकच्या वायपरची बारा व्होल्टची मोटर. काम एकच, बाप्पाला फूल वाहायचं. आता वायपरची मोटर म्हटल्यावर हात जाणार तसा येणार. फूल बोटाला तारेनं बांधलेलं. त्यामुळं गडी फूल वाहायचा आणि लगेच परत घ्यायचा. वाहायचा, परत घ्यायचा. तीन दिवस नुसती गर्दी तुटून पडली, लोक हसून बेजार. चौथ्या दिवशी आमच्या इंजिनिअर कार्यकर्त्यानं रात्रभर बसून तो दुरुस्त केला. फूल नीट पडायला लागलं आणि गर्दी गेली.

स्वस्तातलं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेराच स्वतः बनवला. मग १९२० ला 'सैरंध्री' सिनेमा. आमच्या लाईनीत अजून त्यांचं नाव निघालं की जुने मेस्त्री हातातलं काम थांबवतात.

खुळा प्रेक्षक:
यंत्रमानवाचं नाव काय ठेवलंतं?

लेथवाला:
रोबोनाथ. सुट्टी संपली.

पन्हाळ्याचं धुकं:
आम्ही स्वतः केलाय!! कॉलेजात असताना. मंगळावरचा सिनेमा, मोबाईलवर शूट, एकूण खर्च २,३०० रुपये त्यातले ९०० पेट्रोल आणि वडापाव. मंगळ म्हणून मसाई पठार. जांभा दगड, लाल माती, उन्हाळ्यात गवत जळून गेलेलं, वेगळं काय करायलाच नको. ऑक्सिजनची टाकी म्हणजे घरातला फवारणीचा पंप पाठीवर. डोक्याला मासे ठेवायचं गोल प्लास्टिकचं भांडं उलटं. पंप धुतलाय असं भाऊ म्हणालेला, पण धुतला नव्हता. त्या वासात आणि उन्हात भांड्याला आतनं वाफ धरायची, दोन मिनिटांत मला समोरचं काय दिसेना. शॉट असा की अंतराळवीर मंगळावर पहिलं पाऊल टाकतो आणि गुडघ्यावर बसून माती हातात घेतो. बसलो, माती घेतली, कॅमेरावाला काय 'कट' म्हणेना. भांडं काढून बघतोय तर मागं म्हैस. निवांत. रवंथ करत. तिच्या मागनं एक आजोबा आले, आमच्याकडं बघितलं, पंपाकडं बघितलं, म्हणाले, "हितं काय फवारताय रं? हितं काय न्हाई."

परत शॉट घ्यायला बॅटरी नव्हती. मग कथाच बदलली, मंगळावर जीवसृष्टी सापडते अशी केली. गॅदरिंगला लावला तेव्हा म्हशीला जी शिट्टी पडली ती हिरोला पण नाही पडली.

वैनी राजारामपुरी:
आई गं, हसून हसून. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भात गेला आता.

उसाचा रस हाफ:
म्हशीला मानधन किती दिलं

पन्हाळ्याचं धुकं:
अर्धा वडापाव. तिनं कागदासकट खाल्ला.

माहेर शिवाजी पेठ:
मी आता पुण्यात. आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता, घरमालकांचा. दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं, इंग्रजीत. एक अक्षर कळायचं नाही. आम्ही सगळी जायचो ती त्या दारांसाठी. माणूस समोर आला की दार आपोआप बाजूला, सुर्रकन. घरी आल्यावर दादा आणि मी तेच खेळायचो. तो स्वयंपाकघराच्या पडद्याला दोरी बांधून कपाटामागे लपायचा, मी ताठ चालत यायचे, तो ओढायचा. एकदा आई आमटीचं पातेलं घेऊन आली, दादानं पडदा ओढलाच नाही, म्हणाला, "तू यानातली नाहीस." पुढचं सांगत नाही.

गंमत म्हणजे खूप वर्षांनी वाचलं की त्या मालिकेतली दारंसुद्धा आपोआप नव्हतीच, मागे माणसं उभी राहून ओढायची. दादाला लगेच फोन केला. तो म्हणाला, "बघ, माझी नोकरी खरी होती."

मीटर डाऊन:
अप्रिय मत देतो, शिव्या घाला. गरिबीचं कौतुक आता पुरे. स्वस्त म्हणजे गोड असं काही नसतं. मी असले ढिगानं सिनेमे बघितलेत, त्यातले दहात आठ नुसते कंटाळवाणे असतात. चेंडू-बिंडू काही नाही, दोन माणसं एका खोलीत उभी राहून 'आता स्फोट होणार' असं म्हणतात आणि स्फोट बाहेर होतो. आपल्याला आवाज ऐकवतात, बस. आणि आता तर मुद्दाम भंगार काढायचं खूळ आलंय. वादळातनं शार्क उडतायत, आणि नट कॅमेऱ्याकडं बघून डोळा मारतोय, बघा आम्ही कसले टुकार. अरे, चुकून खारट झालेली आमटी आणि ठरवून मीठ ओतलेली आमटी यात फरक आहे की नाही? आजीच्या हातनं मीठ जास्त पडलं तर माणूस ताक घालून खातो. सुनेनं मुद्दाम टाकलं तर

वैनी राजारामपुरी:
सूनच का हो मुद्दाम टाकते? 🙂

मीटर डाऊन:
वैनी, उदाहरण मागं घेतो.

पेठेतला पडदा:
मीटरभाऊ, शिव्या कशाला, मुद्देसूद बोललात. मुद्दाम भंगार मला पण बघवत नाही. माझा चेंडूवाला सिनेमा तसला नाही, ती पोरं जीव लावून करत होती, पैसे नव्हते म्हणून चेंडू. आणि आवाजातल्या स्फोटाचं म्हणाल तर चांगल्या रेडिओवर पण स्फोट बाहेरच व्हायचा की.

रात्रपाळी:
आयटीतला माणूस बोलतोय. 'प्रायमर', २००४. ७,००० डॉलरमध्ये केला, तेव्हाच्या भावानं तीन-सव्वातीन लाख. करणारा स्वतः आधी इंजिनिअर, दिग्दर्शक तोच, नट तोच, संगीत पण त्याचंच. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवाला सगळ्यात मोठं बक्षीस घेऊन गेला. दोन मित्र गॅरेजात एक डबा बनवतात आणि त्यातनं काळात मागं जाता येतं. पण सहा तास मागं जायचं तर डब्यात सहा तास पडून राहायचं. हे मला लई पटलं. फुकट काय मिळत नाही, काळ पण नाही. आपली कोल्हापूर-मुंबई रेल्वेच ती, फक्त पोचल्यावर आदल्या दिवशी पोचता.

चार वेळा बघितला. चौथ्यांदा वही घेऊन बसलो, बाण काढत, कोण कुठल्या डब्यातनं कधी बाहेर आला. बायकोनं वही बघितली आणि म्हणाली, "प्लॉटचा नकाशा काढलास? मला विचारलं पण नाहीस?" आता त्या वहीमुळं खरंच प्लॉट बघायला लागलोय. सिनेमा अजून कळलेला नाही.

उसाचा रस हाफ:
कुठं बघताय प्लॉट? मोरेवाडीकडं असला तर व्यनि (खाजगी निरोप) करा, चित्रनगरीच्या अलीकडं माझ्या मेव्हण्याचा

रात्रपाळी:
केला.

खासबाग कट्टा:
काळात मागं जायचा डबा म्हणजे लग्नातला व्हिडिओ. आमचा लावला की सासरे अजून तसेच रुसलेले.

निवृत्त फळा-खडू:
जयंत नारळीकर आपल्या कोल्हापुरात जन्मले, १९३८ साली. हे शाळेत दर वर्षी सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची पोरं विचारायची, "कुठल्या पेठेत, सर?" त्यांचा तो किस्सा बहुतेकांना ठाऊक असेल. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. आद्याक्षरं उलटी वाचा. नावामुळं बक्षीस नको होतं, आणि बक्षीस मिळालंच.

मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. यान उडवायला पैसे लागतात, मान्य. पण २००७ चा 'द मॅन फ्रॉम अर्थ' पाहा. निरोपाला जमलेले प्राध्यापक, एक खोली, शेकोटी, आणि एकजण म्हणतो मी चौदा हजार वर्षं जगतो आहे. एवढंच. बाकी नुसती चर्चा. कुणी हसतो, कुणी चिडतो, एक बाई रडकुंडीला येते. अहो, ही तर आपल्या एकांकिकेची रीत! एक सेट, सहा माणसं आणि भांडण. दर वर्षी स्पर्धांना शेकडो एकांकिका करणारा आपला समाज, त्याला विज्ञानपट खर्चामुळं जमत नाही हे कारण मला पटत नाही. चर्चा आपल्याला कुणी शिकवायला नको.

मीटर डाऊन:
सर, हे मात्र एकदम मान्य. खोलीतल्या माणसांवरचं माझं वरचं वाक्य अर्धं मागं घेतो.

वैनी राजारामपुरी:
आज तुम्ही सगळंच मागं घेताय. वायपरच्या मोटरीवर चाललंय का?

लेथवाला:
😂😂 वैनी नाद नाय करायचा

चंदेरी कागद:
एकांकिका म्हटल्यावर राहवेना. सहावीत असताना शाळेच्या एकांकिकेत मी परग्रहवासी होते, केशवराव भोसले नाट्यगृहात. काळयंत्र म्हणजे फ्रिजचं खोकं, त्याला चॉकलेटचे चंदेरी कागद खळ लावून चिकटवलेले. सगळ्या वर्गानं महिनाभर कागद जमवले होते. मी खोक्यात बसून राहायचे आणि खूण मिळाली की बाहेर यायचं. खूण आली ती ऐकूच आली नाही, आत खळीचा आणि चॉकलेटचा वास आणि माझाच श्वास. शेवटी बाईंनी विंगेतनं खोकं हलवलं तर मी खोक्यासकट आडवी, प्रेक्षकांना वाटलं यंत्र सुरू झालं. टाळ्या.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये नाट्यगृह जळालं त्या रात्री खासबागेच्या बाजूला आम्ही सगळे उभे होतो. कोण काय बोलत नव्हतं. मला सारखं ते खोकंच आठवत होतं. कुणाला सांगणार, म्हणून इथं लिहिलं.

निवृत्त फळा-खडू:
बरं केलंत लिहिलंत, ताई.

माहेर शिवाजी पेठ:
❤️

हलगी:
विषय जरा बदलतो. जपानचा 'गॉडझिला' १९५४ चा, रबरी पोशाखात आत घामाघूम माणूस. त्याची ती डरकाळी माहितीये कशी काढली? मोठ्या उभ्या व्हायोलिनसारखं वाद्य असतं, त्याच्या तारा ढिल्या करून चामड्याच्या हातमोज्यानं ओढून. मग टेप हळू फिरवली. मी हे वाचलं आणि त्याच रात्री घरातलं तुणतुणं घेऊन मोटरसायकलच्या हातमोज्यानं ओढलं. डरकाळी नाही आली, पण शेजारच्या काकूंनी खिडकीतनं विचारलं की मांजर अडकलंय का कुठं.

खुळा प्रेक्षक:
आमच्या सजीव देखाव्यात एकदा अफझलखानाला ऐन दिवशी ताप भरला. मग त्याचा चुलतभाऊ उभा केला, तो बारीक, म्हणून आख्खा वेळ पाठमोरा आणि तोंडावर शेला. पुढं कळलं की 'प्लॅन नाईन फ्रॉम आऊटर स्पेस'मध्ये हेच केलंय. मुख्य नट बेला लुगोसी १९५६ ला वारला, मग दुसऱ्याच माणसाला तोंडावर झगा धरून चालवलं. त्याला जगातला सगळ्यात वाईट सिनेमा म्हणतात. आम्हाला वॉर्डात दुसरं बक्षीस

उसाचा रस हाफ:
पैलं कुणाला?

खुळा प्रेक्षक:
शेजारच्या मंडळाला, त्यांचा खान जाड होता.

पेठेतला पडदा:
लोकहो, सगळं वाचलं, दुकानात गिऱ्हाईक थांबवून वाचलं. चंदेरीताई, तुमचं दोनदा वाचलं. काल भाच्याला 'डार्क स्टार' लावून दिला. पाच मिनिटांनी मोबाईल खाली ठेवून म्हणतो, "मामा, हा चेंडू हाय का?" म्हटलं, हो. "कुठं मिळतोय असला?" आता शनिवारी पोरं घेऊन मसाई पठारावर जायचं म्हणतोय. धुकं, म्हशीचे मालक ते आजोबा अजून तिकडं असतात का?

पन्हाळ्याचं धुकं:
असतात. पंप घेऊन जाऊ नका फक्त, ओळखतील.