लॅब्रॅडोर कुत्र्याच्या सांधेदुखीसाठी कुठलं सप्लिमेंट द्यावं?

फोंड्याची_लॅबवाली
नमस्कार, आमचा ब्रुनो दहा वर्षांचा लॅब (लॅब्रॅडोर), वजन ४१ किलो. पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी उठताना त्याचे मागचे पाय लटपटतात, सोप्यावरून अंगणात उतरायच्या पायऱ्यांशी येऊन नुसता उभा राहतो आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतो, थोडा चालला की मग बरा असतो. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, दोन्ही खुब्यांत आर्थ्रायटिस आहे म्हणाले. त्यांनी दिलेली दुखण्याची गोळी चालू होती तोवर फरक वाटला. आता दुकानदार म्हणतो ग्लुकोसामाइनचा डबा घ्या, शेजारच्या काकी म्हणतात हळद-दूध दे, भाऊ म्हणतो माणसांच्या कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल दे. नेमकं काय देऊ? खर्चाचं काही नाही, पण त्याच्या पोटात उगाच नको ते जायला नको. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

म्हापशाचा_व्हेट
ताई, सप्लिमेंटच्या आधी वजन बघा. नर लॅब साधारण २९ ते ३६ किलोचा असावा, ब्रुनोच्या खुब्यांवर रोज पाचेक किलो फुकटचं ओझं आहे आणि ते उतरवण्याइतका गुण कुठल्याच डब्यात नाही. अमेरिकेत ४८ लॅबवर जन्मभराचा अभ्यास झालाय, २००२ मध्ये छापून आला, त्यात जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं तर कमी खाणारे जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि सांधेदुखीची औषधंही त्यांना बरीच उशिरा लागली. तेव्हा भात मोजून घाला, चहाबरोबरची बिस्किटं आजपासून बंद, घरातल्या सगळ्यांना सांगा, नाहीतर आजी गुपचूप देतात.

आता सप्लिमेंट. सगळ्यात भक्कम पुरावा ओमेगा-३चा आहे, म्हणजे फिश ऑइल. बाटलीवर मोठ्या अक्षरात १००० मिलिग्रॅम असतं ते तेलाचं वजन, त्यात ईपीए आणि डीएचए, म्हणजे खरं ओमेगा-३, किती ते मागच्या बाजूला वाचा, साध्या कॅप्सूलमध्ये दोन्ही मिळून बहुतेक ३००च निघतात. डोस वजनावर ठरतो, तो तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या, आणि हळूहळू वाढवा नाहीतर जुलाब होतील. कॉड लिव्हर ऑइल मात्र नको, त्यात ए आणि डी जीवनसत्त्व असतं, ते अंगात साठत जातं, जास्त झालं की बाधतं. ग्लुकोसामाइनच्या डब्यात बहुतेक कॉन्ड्रॉइटिनही असतं, त्या जोडीबद्दल स्पष्टच सांगतो, २०२२ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला त्यात ओमेगा-३चा फायदा दिसला आणि या जोडीचा दिसला नाही. हळद चिमूटभर घातली तर घाला, पण ती अंगाला फारच थोडी लागते, आणि दूध नकोच.

आणि हात जोडून सांगतो, घरातल्या माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, कधी देऊ नका. कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते.

पेडण्याचा_भाटकार
डॉक्टर, ग्लुकोसामाइन अगदीच फुकट म्हणू नका हो, आमची इंडी, म्हणजे देशी कुत्री, ते घ्यायला लागल्यावर परत गेटपर्यंत धावायला लागली, आम्ही सगळ्यांनी बघितलंय. ताई, मुख्य म्हणजे तुमच्या लाद्या गुळगुळीत असतील तर तो झोपतो तिथपासून दारापर्यंत रबरी मॅट टाका. आमच्याकडे पावसात लादी घाम सोडते, तिचे पाय फाकायचे आणि मग ती उठायलाच घाबरायची. नखंही वेळच्या वेळी कापा.

म्हापशाचा_व्हेट
भाटकार, ती धावते याचा आनंदच आहे, चालू ठेवायचं तर ठेवा, सहसा अपाय होत नाही. पण हे दुखणं आपोआपही कमी-जास्त होत असतं आणि माया असली की आपल्याला बरंच दिसतं, म्हणून मी सगळ्यांना सांगतो की सुरू करण्याआधी चालतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, दोनेक महिन्यांनी त्याच जागी परत काढा. मॅटचं तुमचं शंभर टक्के बरोबर.

साखळीची_ताई
एक राहिलं, गोचीड! आमचा असाच लंगडायचा, आज हा पाय उद्या तो, आम्ही वय झालं म्हणून सोडून देणार होतो, रक्त तपासलं तर टिक फीव्हर निघाला. ब्रुनोला आर्थ्रायटिस असेलच, पण ताप आला, जेवण सोडलं किंवा हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर थांबू नका.

फोंड्याची_लॅबवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. बिस्किटं बंद केली, आईला राग आलाय. कॅप्सूलऐवजी बांगडे, तारले उकडून दिले तर चालतील का? सध्या मासेमारी बंदी आहे, ३१ जुलैनंतर ताजे मिळतील.

म्हापशाचा_व्हेट
चालतील की, मीठमसाला न घालता, काटे सगळे काढून, आणि तेवढा भात कमी करून. हुमणातले, म्हणजे माशांच्या आमटीतले, उरलेले नकोत, त्यात कांदा असतो. खारे तर अजिबात नकोत. पण नुसत्या माशांतून पुरेसा डोस रोज जाईलच असं नाही, तेव्हा कॅप्सूल लागतीलच. गोळी परत सुरू करायची झाली तर आधी किडनी-लिव्हरची रक्ततपासणी करून घ्या.