टोपणनावामागची मी ओळखली गेले, आता काय करू?

मदत हवी आहे. सहा वर्षं एका अ‍ॅपवर टोपणनावाने कविता लिहितेय. फोटोच्या जागी शाई लागलेली बोटं, चेहरा कुठेच नाही. फेसबुकवर मुख्य प्रोफाइलला रोजच्या वापरातलंच नाव लागतं, म्हणून तिथे मी ऑफिसातली, नीटनेटकी. गेल्या आठवड्यात एका सहकाऱ्याला माझं कवितांचं खातं 'ओळखीचे' म्हणून सुचवलं गेलं. खात्याला माझाच नंबर जोडलेला, आणि त्याने फोनमधले कॉन्टॅक्ट त्या कवितांच्या अ‍ॅपशी सिंक केलेले, म्हणजे जोडलेले. तेव्हापासून एक ओळ लिहवत नाहीये. ती टोपणनावाची बाई खोटी नाही हो, उलट तीच जास्त मी आहे! नंबर काढून, सुचवणं बंद करून भागेल का? की सरळ खरं नाव लावू? ज्यांनी लावलंय, त्यांना पूर्वीसारखं मोकळं लिहिता येतं का?