स्लीव्ह की बायपास? वजन उतरवायचं ऑपरेशन झालेल्यांनी मनमोकळं लिहा

शहापूर, बेळगाव
वय 44, उंची 5 फूट 2 इंच, वजन 112 किलो. घरी ब्लाऊज शिवते. गेल्या दिवाळीपासून मशीन मारताना उजवा गुडघा असा धरतो की दर दोन ब्लाऊजांनंतर उठून भिंतीला टेकून उभं राहावं लागतं. सहा वर्षं शुगर आहे. रात्री डोक्याखाली दोन उशा लागतात, नाहीतर आंबट पाणी घशाशी येतं. एका डॉक्टरांनी स्लीव्ह सांगितलं, दुसऱ्यांनी बायपास, आणि जाऊबाईंच्या माहेरी कुणाचं तरी मिनी बायपास झालंय म्हणून त्या तेच धरून बसल्यात. ऑपरेशन करायचं हे नक्की आहे, घरचेही तयार आहेत. अडलंय ते कुठलं करायचं यावर. ज्यांचं झालंय त्यांनी बरं-वाईट दोन्ही लिहा. वजन किती उतरलं ते सांगाच, पण नंतरचे दिवस कसे गेले तेही सांगा.

टिळकवाडी
ताई, माझं स्लीव्ह 2019 साली झालं. 131 किलो होतो, दीड वर्षात 89 वर आलो, आता 95 च्या आसपास आहे. पहिले दोन आठवडे औषधाच्या मापाचं टोपण हेच माझं ताट. टोपणभर डाळीचं पाणी, जरा थांबायचं, मग दुसरं टोपण. एकदा घाईत दोन घोट सलग घेतले तर छातीत दगड अडकल्यासारखं झालं, बायको घाबरून रडायला लागली. भूक मात्र खरोखर गेली. स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण 80 टक्के भाग कापून काढतात, केळ्याएवढी नळी ठेवतात. भूक लावणारं ग्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या कापलेल्या भागातच बनतं. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पूर्वी एका फेरीत धाप लागायची, आता पाच होतात.

पण तुमच्या दोन उशा वाचल्या आणि लिहायला बसलो. मलाही आधी जळजळ व्हायची. ती आजारात धरायची असते हेच डोक्यात नव्हतं, म्हणून डॉक्टरांना सांगितलीच नाही. तिसऱ्या वर्षापासून आंबट पाणी इतकं वाढलं की रोज सकाळी उपाशीपोटी गोळी. नळी अरुंद, आत दाब जास्त, त्यामुळे आम्ल वर येतं. औषधांनी भागलं नाही तर स्लीव्हचं बायपास करता येतं असं सांगितलंय, पण म्हणजे पुन्हा एकदा टेबलावर जाणं आलं. तुमचं जळजळणं डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि आधी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून नळी घालून पोट आतून बघतात ती तपासणी, करून घ्या.

निपाणी
माझं रूवाय बायपास, कोल्हापुरात, पाच वर्षांपूर्वी. शुगरला बारा वर्षं झाली होती, इन्सुलिन 40 युनिट. दवाखान्यातून घरी आले तेव्हाच निम्म्याच्या खाली आलं आणि तिसऱ्या महिन्यात बंद झालं. वजन उतरायच्या आधी शुगर उतरते, हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. यात पोटाची अंड्याएवढी पिशवी करतात आणि खालचं आतडं आणून तिला जोडतात. उरलेलं पोट आतच असतं, फक्त अन्न तिकडून जात नाही. आम्ल वर येण्याचा त्रासही बहुतेकांचा यात कमी होतो, माझा तर गेलाच.

आता वाईट सांगते. भाचीच्या बारशाला आग्रहाने चार चमचे शिरा खाल्ला. पंधरा मिनिटांत घाम, छाती धडधड, पोटात कळा. माजघरात चटईवर आडवी झाले, बाहेर पाळणा चाललेला. गोड एकदम आतड्यात उतरलं की असं होतं, डंपिंग म्हणतात. तेव्हापासून कुणी कितीही आग्रह केला तरी ताटाला हात लावू देत नाही. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही.

एक गोष्ट आमच्या गावाला फार लागू आहे. माझ्या भावालाही बायपास करायचं होतं, पण बिडी सुटेना. डॉक्टरांनी साफ नकार दिला. धूर चालू राहिला तर जोडाच्या जागी अल्सर होतो. अंगदुखीच्या गोळ्यांचंही तेच, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन कायमचं बंद. मेडिकलवाल्याकडून येता-जाता 'दुखण्यावर एक द्या' म्हणून घेणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

उगार खुर्द
मिनी बायपास, मिरजेला. एकच जोड असतो, ऑपरेशन लवकर होतं, वजन छान उतरतं. माझं 44 किलो उतरलं. पण आतड्याचा बराच भाग वगळल्यामुळे लोह, बी-12, कॅल्शियम अंगी लागत नाही. पित्त पोटाकडे उलटण्याची शक्यताही यात असते, मला तो त्रास झाला नाही.

आम्ही जैन. सूर्यास्तानंतर जेवण नाही आणि अंड्याचा तर प्रश्नच नाही. दिवसाला 60 ग्रॅम प्रथिनं सांगितली होती, ती दोन-दोन घास करत सूर्य मावळायच्या आत कशी बसवायची? पनीर, मूगडाळीचं धिरडं, ताकात प्रोटीन पावडर, असं सकाळी सातपासून सुरू करते. चातुर्मासात उपवास धरला, त्यात गोळ्याही सुटल्या, त्या आठ महिने सुटलेल्याच राहिल्या. मग तळपाय बधिर. चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही. बी-12 ची इंजेक्शनं घ्यावी लागली. चूक माझीच होती. गोळ्या आयुष्यभर आणि रक्त तपासणी ठरल्या वेळी जमणार असेल तरच बायपासच्या वाटेला जा. स्लीव्हलाही गोळ्या लागतात, पण आम्हाला चुकवून अजिबात चालत नाही.

चिकोडी
मी 27 वर्षांची, स्लीव्ह होऊन दीड वर्ष झालं. चौथ्या महिन्यात केस मूठ-मूठ गेले, नंतर परत आले. बाळाचा विचार दीड वर्ष तरी नको म्हणून सांगितलं होतं, सासूबाईंना ते डॉक्टरांकडूनच ऐकवलं. गल्लीत 'काय गं, किती वाळूलालीस!' रोज ऐकते.

संमतीचा कागद कन्नडमध्ये होता. मला बोलता येतं, वाचता येत नाही. नर्सबाईंना ओळ-ओळ मराठीत सांगायला लावली, मगच सही केली. कापलेलं पोट परत बसवता येत नाही, ही ओळ मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळली.

खानापूर
माझं झालेलं नाही, विम्याचं तेवढं सांगतो, कारण त्यासाठी दोन महिने खेटे घातलेत. पॉलिसीत सहसा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 40 च्या वर, किंवा 35 च्या वर आणि सोबत अनियंत्रित शुगर, हृदयविकार, झोपेत श्वास अडकणं असं काही गंभीर, अशी अट असते. आधी केलेल्या उपायांचे कागद जपून ठेवा. ताई, तुमचा बीएमआय 45 निघतो.

शहापूर, बेळगाव
सगळ्यांचं दोनदा वाचलं. निपाणीच्या ताईंचं वाचून उठले आणि गुडघ्याच्या गोळीचं पाकीट बघितलं. डायक्लोफेनॅकच आहे. वर्षभर रोज एक घेते. म्हणजे आंबट पाणी बायपासकडे ओढतंय आणि गुडघा मागे खेचतोय. मापाच्या वहीत मागच्या पानावर हे सगळं लिहून काढलंय. गुरुवारी एंडोस्कोपी आहे, वही सोबत नेते.

निपाणी
माझेही गुडघे दुखायचे. पंचवीस किलो उतरल्यावर गोळीची आठवण येईना, अधेमधे पॅरासिटामॉलवर भागलं. पण प्रत्येकाची झीज वेगळी, म्हणून हाडाच्या डॉक्टरांनाही गुडघा दाखवा आणि त्या गोळीशिवाय निभेल का ते विचारा. आणि गुरुवारी उपाशीपोटी जायचंय ना? शुगरची गोळी त्या दिवशी सकाळी घ्यायची की नाही ते बुधवारीच फोन करून विचारून ठेवा.