अमेरिकेत २७० कुणालाच मिळाले नाहीत तर?

खिडकीतला कावळा:
राष्ट्राध्यक्ष निवडणारे राज्यांचे प्रतिनिधी म्हणजे इलेक्टर्स, ते एकूण ५३८, जिंकायला २७० हवेत, म्हणजे २६९-२६९ असं अडकू शकतं ना? किंवा तिसराच कोणीतरी दोन-तीन राज्यं घेऊन गेला तर? मग परत मतदान घेतात का? काँग्रेस (तिथली संसद) ठरवते असं वाचलं, पण नक्की कोण नि कसं ते डोक्यात शिरत नाहीये. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रात्रपाळी:
परत मतदान वगैरे काही नाही. राष्ट्राध्यक्ष हाऊस (काँग्रेसचं कनिष्ठ सभागृह) निवडतं, पहिल्या तिघांतून, आणि उपाध्यक्ष सिनेट (वरिष्ठ सभागृह), पहिल्या दोघांतून. १८०४ ची बारावी घटनादुरुस्ती. खरी गंमत हाऊसमध्ये आहे, तिथे माणशी मत नाही, राज्याला एक मत. कॅलिफोर्नियाचे ५२ जण आपसात ठरवून एक मत टाकणार आणि वायोमिंगचा एकुलता एक सदस्य, त्याचंही एकच! ५० पैकी २६ राज्यं लागतात. राज्याचे सदस्य निम्मे-निम्मे फुटले की त्या राज्याचं मत बाद. सिनेटमध्ये मात्र सरळ हिशोब, १०० जण, ५१ मतं.

खिडकीतला कावळा:
म्हणजे हाऊसमध्ये बहुमत असूनही आपला माणूस पडू शकतो? अजबच आहे.

बखरबहाद्दर:
हो ना. १८०१ वाचा, फुल ड्रामा. तेव्हा इलेक्टरला दोन मतं असायची पण कुठलं कोणत्या पदासाठी ते लिहायची सोय नव्हती, त्यामुळे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार जेफरसन आणि त्याच्याच पक्षाचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार ॲरन बर दोघांना ७३-७३. हाऊसमध्ये १६ पैकी ९ राज्यं हवी होती, जेफरसनकडे ८, बरकडे ६, मेरीलँड आणि व्हरमाँट फुटलेले. मेरीलँडचा जेफरसनच्या बाजूचा सदस्य निकल्सन आजारी, त्याला बर्फातून उचलून आणलं आणि शेजारच्या खोलीत खाटेवर झोपवलं, प्रत्येक फेरीला मतपेटी त्याच्याकडे, कारण तो नसता तर मेरीलँड बरकडे गेलं असतं. ११ ते १७ फेब्रुवारी, ३६ फेऱ्या! शेवटी बरला उचलून धरणाऱ्या विरोधी पक्षाच्या फेडरलिस्टांनी अंग काढून घेतलं आणि जेफरसनला १० राज्यं मिळाली. बारावी दुरुस्ती त्यातूनच आली.

जॅक्सनसाहेबांचं तर जास्त वाईट झालं. १८२४ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत ९९ इलेक्टर्स, सगळ्यात पुढे, पण बहुमत १३१ चं. चौथ्या नंबरचा क्ले शर्यतीतून बाहेर, पण स्वतः हाऊसचा स्पीकर, त्याने वजन दुसरा उमेदवार ॲडम्सच्या पारड्यात टाकलं, ॲडम्स १३ राज्यं घेऊन पहिल्याच फेरीत निवडून आला आणि क्लेला परराष्ट्रमंत्री केलं. आता यात साटंलोटं नव्हतं असं कोणाला सांगायचं? जॅक्सनच्या लोकांनी चार वर्षं तेच वाजवलं आणि १८२८ ला जिंकले.

सिनेटवर उपाध्यक्ष निवडायची वेळ एकदाच आली, १८३७ ला. व्हर्जिनियाच्या २३ इलेक्टर्सनी उपाध्यक्षपदाचा उमेदवार जॉन्सनला मतच दिलं नाही, एका मताने कमी पडला, सिनेटने ३३-१६ ने निवडला.

खिडकीतला कावळा:
भारी माहिती! पण २० जानेवारीपर्यंत, म्हणजे नव्या राष्ट्राध्यक्षाच्या शपथविधीपर्यंत, हाऊसचं घोंगडं भिजतच पडलं तर?

रात्रपाळी:
तर सिनेटने निवडलेला उपाध्यक्ष तोपर्यंत राष्ट्राध्यक्षाचं काम बघतो, विसावी दुरुस्ती. तोही ठरला नसेल तर स्पीकर, पण त्याला आधी हाऊसचा राजीनामा द्यावा लागतो.