नव्याने बांधलेल्या बोटीच्या इंजिनात थंडीत पहिलं तेल कुठलं घालावं?

हर्णेकर
आमच्या ट्रॉलरचं सहा सिलिंडरचं इंजिन बांधून झालंय. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं नवं. क्रँक ग्राइंड करून आणली. आता पहिल्या तेलावरून धक्क्यावर दोन तट पडलेत. दुकानदार म्हणतो, थंडी आहे, 5डब्ल्यू-40 सिंथेटिक घाला (डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या तेलाचा, नंतरचा गरम झालेल्या तेलाचा), पहाटे पटकन चालू होईल. मिस्त्री म्हणतो एसएई 40, म्हणजे एकाच ग्रेडचं तेल, दुसरं काही नको.

मला दोन्ही पटत नाही. माझं मत साध्या मिनरल 15डब्ल्यू-40चं, डिझेल इंजिनासाठीचं, डब्यावर एपीआय सीआय-4 ही दर्जाची खूण लिहिलेलं. 15डब्ल्यू तेलाची क्रँक फिरण्याची चाचणी उणे 20 अंशांना होते. आपल्याकडे पौषातल्या पहाटे मतलई (जमिनीवरून येणारा वारा) सुटली तरी पारा 15च्या खाली क्वचितच उतरतो. त्या थंडीसाठी 5डब्ल्यूचे पैसे कशाला मोजायचे? शिवाय हे तेल थोड्याच तासांत काढून टाकायचं आहे. धातूचा चुरा घेऊन बाहेर पडणाऱ्या तेलावर सिंथेटिकचा खर्च म्हणजे डिझेलचे पैसे समुद्रात ओतणं.

जुना मिस्त्री, देवगड
तुमच्या मिस्त्रीचं बरोबर आहे. मल्टिग्रेड म्हणजे पातळ तेलात पॉलिमर घालून गरम झाल्यावर जाड राहील असं केलेलं. तो पॉलिमर कातरला गेला की तेल पातळ पडतं आणि प्रेशर उतरतं. एसएई 40मध्ये ती भानगडच नाही. जुन्या इंजिनांच्या पुस्तकांत एकच ग्रेड लिहिलेली असते ती उगाच नाही. नव्या बेअरिंगला पहिल्या दिवशी जाड थर मिळू दे.

हर्णेकर
मिस्त्री, 100 अंशांना दोन्ही तेलं एकाच पट्ट्यात येतात, 12.5 ते 16.3 सेंटीस्टोक (तेलाच्या जाडपणाचं माप). 40 म्हणजे तेच. फरक पडतो तो थंड असताना. 40 अंशांना 15डब्ल्यू-40 साधारण 110 भरतं, एसएई 40 जवळजवळ 145. म्हणजे चालू केल्या केल्या, बेअरिंगला तेलाची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा, तुमचं तेल उशिरा पोचतं. आणि पॉलिमर कातरला जायला वेळ लागतो, तोवर हे तेल बाहेर पडलेलं असेल.

दाभोळ खाडी
तुम्ही दोघं चुकीच्या गोष्टीवर भांडताय. कमिन्स स्वतः सांगते की नव्या किंवा बांधलेल्या इंजिनाला रनिंगसाठी (नवे भाग एकमेकांवर घासून नीट बसेपर्यंतच्या चालवण्यासाठी) वेगळं तेल नको, रोजचंच घाला. तेल मिनरल की सिंथेटिक यावर रिंगा बसत नाहीत. त्या लोडवर बसतात. सिलिंडरमधला दाब रिंगेच्या मागे जाऊन तिला लायनरवर दाबतो तेव्हाच होनिंगच्या, म्हणजे लायनरच्या आत मुद्दाम काढलेल्या बारीक रेघांवर ती घासून जुळते.

आपल्याकडे काय करतात? नवीन इंजिन आहे म्हणून दिवसभर खाडीत हळूहळू फिरवतात. पंख्याला लागणारी ताकद आरपीएमच्या घनाने वाढते. 2000च्या जागी 1000वर चालवलं तर लोड अर्धा नाही, एक अष्टमांश होतो. ट्रकला चढ मिळतो, बोटीला मिळत नाही. लोडशिवाय चालवलं की लायनरवर तेल जळून काचेसारखा थर चढतो, रेघा बुजतात. मग ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर, तेल खाणं, आणि हेड परत खाली. सिंथेटिक घाला नाहीतर सोन्याचं तेल घाला.

मालवणचो
माझो बापूस आयुष्यभर एकच तेल घालीत इलो आणि इंजिन चलला. पण तेव्हा डिझेलात गंधक जास्त होता, तेलाक ॲसिड मारूचा लागायचा. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 डिझेल, गंधक धा लाखात 10 भाग. जुन्या हिशोबान तेल निवडू नकात. आणि होडीच्या टू-स्ट्रोक आउटबोर्डाची गजाल येगळीच, थंय तेल पेट्रोलातच, रनिंगक दुप्पट घालूचा. ता हयसर लावू नकात.

हर्णेकर
दाभोळ, लोडचं शंभर टक्के मान्य. पण ‘तेल कुठलंही चालेल’ हे मान्य नाही. बाजारात पेट्रोल गाडीचं पातळ तेलही त्याच फळीवर असतं आणि थंडी म्हणून लोक तेच उचलतात. त्यात फॉस्फरसवर मर्यादा असते, म्हणजे झिंकही कमी. नव्या कॅम आणि टॅपेटला सुरुवातीला तेच झिंक वाचवतं. डब्यावर डिझेलची सी-वाली खूण बघायलाच हवी.

थंडीचा खरा प्रश्न तर वेगळाच आहे. किती बोटींत थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत थंड पाणी अडवून धरणारी झडप) काढून टाकलेला आहे ते बघा. इंजिन गरम होईल या भीतीने काढतात, आणि मग ते कधी नीट तापतच नाही. थंड लायनरवरून न जळलेलं डिझेल तेलात उतरतं, वाफेचं पाणी तेलातच राहतं. डिपस्टिक काढून नाकाशी धरली की डिझेलचा वास येतो आणि पातळी वर गेलेली दिसते. अशा तेलावर रनिंग करणं मला बघवत नाही.

जुना मिस्त्री, देवगड
थर्मोस्टॅट मी काढतो, कारण खारं पाणी आणि गाळाने तो बंद अवस्थेत अडकला तर इंजिन भर समुद्रात जाम होतं. तांडेल आणि खलाशी किनाऱ्यापासून लांब असतात, तुम्ही धक्क्यावर असता.

दाभोळ खाडी
हीट एक्स्चेंजर (समुद्राच्या पाण्याने इंजिनातलं गोडं पाणी थंड करणारा) असेल तर थर्मोस्टॅट गोड्या पाण्याच्या बाजूला असतो, तिथे गाळ येत नाही. नवा बसवा, गरम पाण्यात बुडवून उघडतो का ते आधी बघा. थेट समुद्राचं पाणी फिरवणारं इंजिन असेल तर मात्र मिस्त्रींची भीती खरी आहे.

हर्णेकर
आमचं एक्स्चेंजरवालं आहे, थर्मोस्टॅट लागेल. फिल्टर तेलाने भरून घेणार, स्टॉप लिव्हर ओढून थोडं थोडं क्रँक करणार, ऑइल प्रेशरचा काटा हलल्यावरच चालू. तापलं की बोट मासेमारीची जाळी न टाकता बाहेर काढायची, रेस वरखाली करत लोड वाढवायचा. पहिल्या फेरीनंतर फिल्टर उघडून कागदाच्या घड्या पांढऱ्या फडक्यावर पसरायच्या. फिल्टरचा डबा करवतीने कापू नये, तिचाच कीस आत पडतो आणि बेअरिंग गेलं असं वाटतं. तेल ताकासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, ऑइल कूलर आणि हेड गॅस्केट तपासायचं.

जुना मिस्त्री, देवगड
पद्धत बरोबर. जाळी पहिल्या दिवशी टाकू नका, मालक कितीही घाई करू दे; 31 मेपर्यंत हंगाम आहे. तेल मात्र मी 40च घालेन.

हर्णेकर
आणि मी 15डब्ल्यू-40. फिल्टर उघडला की फोटो इथे टाकतो, मग बोलू.