मदत हवी आहे: ज्वेल ऑर्किड कशात लावू? खोड बुडाशी सडतंय

तापीकाठ
लवकर सांगा, आज संध्याकाळीच कुंडी बदलायची आहे. दोन ज्वेल ऑर्किड मागवली होती. दोन्हींची पानं कडेने वाळत चाललीत, एकाचं खोड बुडाशी मऊ पडलंय. कोणी स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) म्हणतं, कोणी कोळसा-विटांचे तुकडे, कोणी साधी माती. कोणतं तरी एक नक्की सांगा. बाकी काळजी नीट घेतोय.

हिरवा_कोपरा (नाशिक)
ज्वेल ऑर्किड म्हणजे नेमकं कोणतं? लुडिसिया, मॅकोडिस, अनेक्टोकायलस, सगळ्यांना हेच नाव लावून विकतात आणि सगळ्यांची सहनशक्ती सारखी नाही. गाव कोणतं? कुंडी कसली? पाणी कुठलं?

तापीकाठ
भुसावळ. मे महिना आहे, ऊन काय ते वेगळं सांगायला नको. एकाचं पान काळपट मरून, त्यावर तांबूस रेघा. दुसरं हिरवं, सोनेरी जाळीचं. पाणी रोज घालतो.

केळी_बागायतदार (रावेर)
भाऊ, एवढं शोधत बसू नका. टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) केळीची रोपं कोकोपीटमध्येच, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, बाहेरच्या हवेला सरावतात, तीसुद्धा आपल्याच उन्हाळ्यात, शेडनेटखाली. तीन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत. आमच्या भागात हजारो रोपं अशी जगतात, तुमची दोन का नाही जगणार?

हिरवा_कोपरा
केळी खादाड पीक आहे, हे नाही. गांडूळखताने कुंडी चिकट आणि जड होईल आणि आधीच सडणारं खोड पुरतं जाईल. शिवाय बाजारातल्या विटेच्या कोकोपीटमध्ये मीठ असतं.

केळी_बागायतदार
मीठ असतं म्हणूनच आम्ही धुऊन वापरतो आणि ईसी (क्षार किती ते दाखवणारा आकडा) मोजतो. न धुता वापरा असं मी कुठे म्हटलं? गांडूळखत वगळा हवं तर, पण कोकोपीटला नावं ठेवू नका.

वांडा_वेडा (शहादा)
ऑर्किड म्हटलं की कोळसा आणि विटा, विषय संपला. आमच्या सातपुड्यात वांडा झाडाच्या सालीवर उघड्या मुळांनी वाढतो, मातीचा कण लागत नाही. मी लाकडी टोपलीत टांगलाय, मस्त चाललाय.

पानझड (धुळे)
वांडा झाडावरचा आहे, ज्वेल ऑर्किड जमिनीवरची. दाट जंगलात सावलीला, पालापाचोळ्याच्या थरात त्यांचं खोड आडवं रांगतं आणि पेरापेराला मुळं सोडतं. कोळसा-विटांत भुसावळच्या हवेला ती मुळं दुपारपर्यंत वाळून जातील. @तापीकाठ, तुमचं काळपट पानाचं लुडिसिया डिस्कलर दिसतंय, सोनेरी जाळीचं बहुतेक मॅकोडिस पेटोला. दोन गोष्टी अजून सांगा: पाणी बोअरचं का? आणि कुंड्या ठेवल्यात कुठे?

तापीकाठ
हो, बोअरचं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ८०० च्या वर आहे, कूलरच्या गवतावर पांढरा थर बसतो तेच पाणी. कुंड्या बेडरूममध्ये, एसी चालू असतो. नर्सरीतून आलेला मुळाभोवतीचा गोळा तसाच आहे, त्याच्याभोवती बागेतली माती भरली आहे. पण मी फक्त मिश्रण विचारलं होतं.

फुलराणी
फुलं येण्यासाठी काय करावं लागतं? माझ्याकडे लुडिसिया आहे, एकदाही फुललं नाही.

पानझड
@फुलराणी, पांढऱ्या फुलांचा तुरा येतो, बहुधा हिवाळ्याच्या सुमारास आणि भरल्या वाढीच्या झाडाला. पण ही झाडं पानांसाठीच ठेवतात.

@तापीकाठ, मिश्रण सांगतो, पण या पाण्यावर कोणतंही मिश्रण टिकणार नाही. क्षार कुंडीत साचत जातात आणि पानांच्या कडा आधी करपतात, तुमचं पहिलं लक्षण तेच आहे. कोरड्या एसीने त्यात भर घातली. आरओचं शुद्ध पाणी द्या, मशीनमधून वाया जातं ते नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी भरून ठेवा.

दुसरं, आतला गोळा ओला राहतो आणि बाहेरची माती त्याला घट्ट दाबते. सडणं तिथूनच सुरू होतं. गोळा हलक्या हाताने सोडवा.

लुडिसियाला धुतलेलं कोकोपीट, पर्लाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) आणि झाडाची बारीक साल सारख्या भागांनी. मॅकोडिसला नुसतं स्फॅग्नम मॉस, भिजवून पिळलेलं आणि सैल भरलेलं. कुंडी उथळ आणि पसरट, खाली भोकं हवीतच. खोड गाडायचं नाही, वर आडवं ठेवायचं. रोज पाणी नको, बोट लावून वरचा थर सुकत आला की द्या. मॉस मात्र पूर्ण कोरडं होऊ देऊ नका.

केळी_बागायतदार
म्हणजे कोकोपीट आलंच ना शेवटी.

हिरवा_कोपरा
एक तृतीयांश, तेही मोकळं करून. माझ्या मते दोन्ही झाडं काचेच्या पेटीत झाकून ठेवावीत, दमटपणाचा प्रश्नच मिटतो.

पानझड
नाशिकला चालेल. भुसावळला एसी बंद झाला की खोली ३८ वर जाते, बंद पेटीत झाड उकडतं. मी धुळ्यात मे महिन्यात कूलरच्या खोलीत ठेवतो. आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की कूलरने गारवा आणि दमटपणा दोन्ही मिळतात. फक्त थेट झोतात नको. झाकण लावायचंच तर मॅकोडिसला, अर्धवट, आणि थेट ऊन न पडणाऱ्या ठिकाणी. लुडिसिया उघड्यावर राहू शकतं.

तापीकाठ
मॉस इथे दुकानात नाही, मागवावं लागेल. तोवर? आणि मऊ पडलेलं खोड लुडिसियाचं आहे.

पानझड
मग सोपं आहे. मऊ भागाच्या वर, कडक हिरव्या खोडावर स्वच्छ ब्लेडने कापा. आत तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा. दोन-तीन पेरं असलेला तुकडा पुरतो. कापलेल्या टोकाला दालचिनीची पूड लावा, दिवसभर सावलीत सुकू द्या, मग ओलसर मिश्रणावर आडवा ठेवा. लुडिसिया पेराला सहज मुळं धरतं. मॅकोडिस मॉस येईपर्यंत हलवू नका, फक्त पाणी आजपासून बदला.

केळी_बागायतदार
खताचं कोणी बोललं नाही. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) घरात असेलच, द्या थोडं.

पानझड
नवी मुळं फुटेपर्यंत काही नाही. नंतर लिटरला पाव ग्रॅम, महिन्यातून एकदा, त्याहून जास्त नाही.

तापीकाठ
कापलं. आत स्वच्छ हिरवं आहे. आरओचं पाणी भरून ठेवलंय, मॉस मागवलं. कूलरच्या खोलीत खिडकी उत्तरेकडे आहे, तिथे चालेल ना?

पानझड
चालेल. पडदा पातळ ठेवा.

वांडा_वेडा
इथेच विचारतो, माझ्या वांडाच्या मुळांची टोकं काळी पडलीत. पाणी आमचंही बोअरचंच आहे.